विक्रीयासंप्रदान आणि करारभंग : माल हाती न आलेल्या खरेदीदाराच्या हक्काचा इतिहास

मालाचा भाव ठरला, सौदा पक्का झाला, परंतु ठरल्या दिवशी विकणाऱ्याने माल दिला नाही, तर खरेदीदाराने न्यायसभेपुढे नेमके काय मागावे, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे तीनच संभवतात. खरेदीदाराने माल मागावा, दिलेली किंमत परत मागावी, किंवा माल न मिळाल्यामुळे झालेले नुकसान मागावे. कोणत्या काळी या तिहींपैकी कशाला अग्रस्थान मिळाले, यावरून त्या काळच्या विधिविचाराने सौद्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे कळून येते. भारतातील क्रयविक्रयविषयक विधीचा इतिहास सामान्यतः १८७२ च्या करार कायद्यापासून आरंभिला जातो आणि तत्पूर्वीचा विचार दोनचार ओळींत आटोपला जातो. हा प्रघात सोयीचा असला तरी त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. माल न देणाऱ्या विक्रेत्यासंबंधी एक स्वतंत्र व्यवहारपद या देशात होते, आणि त्याची मांडणी आधुनिक मांडणीहून काही बाबतींत उणी, तर काही बाबतींत सरस होती.

(१) स्मृतिकारांची मांडणी

मनुस्मृतीत जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एकच पद खरेदी आणि विक्री या दोहोंना व्यापते. तेथील मुख्य विचार पश्चात्तापाचा आहे. खरेदी अगर विक्री केल्यावर ज्याला पस्तावा होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत करावी अथवा परत घ्यावी, असा तो नियम. नारदाने मात्र या पदाची फोड केली. खरेदी करून पस्तावणाऱ्याचा विचार त्याने ‘क्रीत्वानुशय’ या पदाखाली केला, आणि किंमत घेऊन वस्तू विकली असता ती खरेदीदारास न देणे या दोषासाठी ‘विक्रीयासंप्रदान’ हे निराळे पद योजिले. ही फोड केवळ वर्गीकरणाची हौस नव्हे. पस्तावणारा पक्ष सौदा मोडू पाहतो. माल अडवून ठेवणारा पक्ष सौदा न मोडताच त्याचे फळ दुसऱ्यास मिळू देत नाही. दोन्ही दोष भिन्न असल्याने त्यांवरील उपायही भिन्न असले पाहिजेत, ही जाण या फोडीत आहे.

नारदाचे नियम थोडक्यात असे आहेत. स्थावर विकून ते ताब्यात न दिल्यास मधल्या काळात त्या स्थावराचे जे उत्पन्न बुडाले ते विक्रेत्याने भरून द्यावे. जंगम वस्तू असल्यास तिच्या उपयोगापासून मिळणारे फळ द्यावे. मधल्या काळात भाव उतरला, तर माल आणि त्याबरोबर भावातील घट ही दोन्ही विक्रेत्याने द्यावीत. माल न देता स्वतःजवळ ठेवला आणि तो जळाला, चोरीस गेला अगर बिघडला, तर ती हानी विक्रेत्याची. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणारा, तसेच एकास विकलेली वस्तू दुसऱ्यास देणारा, दुप्पट किंमत देण्यास आणि तेवढ्याच दंडास पात्र होतो. उलटपक्षी माल देऊ केला असता खरेदीदाराने तो घेतला नाही, तर विक्रेत्याने तो दुसऱ्यास विकण्यात दोष नाही. याज्ञवल्क्याचे नियम याच वळणाचे आहेत. मात्र दैवी अगर राजकीय आपत्तीने मालाची हानी झाली असता तो भार विक्रेत्यावर केव्हा पडतो, हे सांगताना खरेदीदाराने मागूनही माल दिला नव्हता, ही अट त्याने स्पष्टपणे घातली आहे.

या नियमांतील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली मर्यादेची. किंमत चुकती झालेल्या मालासच हे नियम लागू आहेत, आणि किंमत दिलेली नसेल तर, विशेष ठराव केलेला नसल्यास, विक्रेत्याकडे दोष जात नाही, असे नारद स्वच्छ सांगतो. म्हणजे प्राचीन विधीने संरक्षण दिले ते मुख्यतः दिलेल्या पैशास. केवळ दिलेल्या शब्दास नव्हे. दुसरी गोष्ट ‘दिग्लाभा’ची. खरेदीदार स्थानिक असेल तर भावातील घट पुरेशी. परंतु तो देशोदेशी फिरून व्यापार करणारा असेल, तर तो माल परदेशी नेऊन विकला असता जो लाभ त्यास झाला असता, तो विक्रेत्याने दिला पाहिजे. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्याच्या ‘उदय’ या शब्दाचा अर्थ लावताना भाव उतरला असल्यास एक आणि उतरला नसल्यास दुसरा असा भेद केला, आणि देशांतरीच्या लाभाचा विचार स्वतंत्र ठेविला. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत लिहीत होता. दूरदेशीच्या पेठांशी चाललेला व्यापार ज्या समाजाच्या डोळ्यांसमोर होता, त्या समाजाने दूरच्या भावाला नुकसानीच्या हिशेबात स्थान द्यावे, यात आश्चर्य नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टी किंचित निराळी आहे. तेथे विकलेला माल न देणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. परंतु मालात दोष असणे, राजा, चोर, अग्नी, जल यांपासून आपत्ती येणे, अथवा सौदा असह्य परिस्थितीत झालेला असणे, ही कारणे अपवाद मानली आहेत. पस्ताव्याची मुदतही सर्वांना सारखी नाही. व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन, गोपालकास पाच. ज्याचा धंदाच खरेदीविक्रीचा आहे त्याने शब्द लवकर पक्का केला पाहिजे, हा त्यातील आशय. दंड राजकोशात जातो, खरेदीदाराच्या हाती नव्हे. म्हणून अर्थशास्त्रातील उपाय बाजाराच्या शिस्तीचा आहे आणि स्मृतींतील उपाय मुख्यतः भरपाईचा आहे, असा ढोबळ भेद करता येतो.

(२) संक्रमणकाळ

मराठेशाहीत व्यापारी तंट्यांचा निवाडा बहुतांशी पंचायतीकडे असे. पेठांतून शेटे व महाजन यांचा अधिकार चाले. येणे वसूल करण्याचा पहिला उपाय फिर्यादीचा नसून तगाद्याचा होता. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रांतासंबंधी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात पंचायत आणि तगादा या दोहोंचे वर्णन आढळते. ऋणकोच्या दारी धरणे धरून बसणे हा या पद्धतीचाच उग्र प्रकार. लेखी विधीपेक्षा पत आणि लोकलज्जा यांवर ही व्यवस्था उभी होती. म्हणून एकाच पेठेत राहणाऱ्यांत ती परिणामकारक ठरे, आणि परस्परांस न ओळखणाऱ्या दूरच्या व्यापाऱ्यांत दुबळी पडे.

इंग्रजी अमलात मुंबई शहर आणि मुफस्सल यांचे मार्ग वेगळे झाले. शहरातील न्यायालयासंबंधी १७९७ साली पार्लमेंटने केलेल्या कायद्यात, हिंदूंचे आणि मुसलमानांचे वारसा, उत्तराधिकार यांबरोबरच करार आणि देवघेव यांसंबंधीचे तंटेही त्यांच्या त्यांच्या विधीप्रमाणे निवाडावेत, अशी तरतूद होती. मुफस्सलात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेतील चवथ्या विनियमाने प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी विनियम, त्यांच्या अभावी देशरिवाज, त्याच्या अभावी प्रतिवादीचा विधी, आणि तोही नसेल तेथे न्याय, समन्याय व सद्विवेक, असा क्रम लावून दिला. कागदोपत्री पाहता विक्रीयासंप्रदानाच्या नियमांना १८७२ पर्यंत मुंबईत जागा होती. प्रत्यक्षात मात्र न्यायाधीशांनी करारविषयक प्रश्नांत इंग्रजी तत्त्वेच अधिकाधिक स्वीकारली, आणि मुंबई इलाख्यात हिंदू करारविधीचा जिवंत अवशेष म्हणून ठळकपणे टिकला तो दामदुपटीचा नियम.

याच काळात मुंबईच्या बाजाराने विधीपुढे एक नवा पेच उभा केला. नुकसानीचे माप म्हणून भावांतील फरक घ्यावयाचा, तर प्रत्यक्ष माल न देता केवळ फरक देण्याघेण्याचाच सौदा दोघांनी केला असता त्यास काय म्हणावे? कलकत्त्याच्या सरकारी विक्रीत अफूस काय सरासरी भाव येईल, यावर मुंबईत लागलेल्या पैजेचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये ती पैज विधिग्राह्य ठरली. लागलीच त्याच वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने पैजेचे करार निरर्थक ठरविण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव गगनास भिडले. त्या पैशातून शेअरांचे मुदतीचे सौदे बोकाळले, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे सौदे पुरे होऊ शकले नाहीत. माल किंवा शेअर देण्याचा हेतू होता की नव्हता, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक मोठ्या दाव्यात डोकावू लागला. १८७२ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमातील पैजेविषयीचे तत्त्व आणि त्र्याहत्तराव्या कलमातील भरपाईचे तत्त्व यांचा संबंध या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे नीट कळतो.

(३) १८७२ चा कायदा आणि भरपाईचे प्राधान्य

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्याचा मूळ मसुदा लंडनमध्ये काम करणाऱ्या तिसऱ्या विधी आयोगाने १८६६ मध्ये सादर केला होता. तो पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हाती पूर्ण झाला. मालविक्रीचे नियम त्यातच ७६ ते १२३ या कलमांत होते. १९३० मध्ये ते काढून त्यांचा स्वतंत्र मालविक्री कायदा करण्यात आला. या नव्या कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने माल न देणाऱ्या विक्रेत्यावर नुकसानभरपाईचा दावा करण्याचा हक्क खरेदीदारास दिला. परंतु भरपाई मोजावयाची कशी, हे त्यात सांगितले नाही. १८९३ च्या इंग्रजी कायद्यात बाजारभावाचा नियम त्याच ठिकाणी नमूद आहे. भारतीय कायद्यात तो करार कायद्याच्या त्र्याहत्तराव्या कलमातून घ्यावा लागतो.

त्र्याहत्तरावे कलम हे हॅडले विरुद्ध बॅक्सेन्डेल या १८५४ च्या इंग्रजी निर्णयाचे संहितारूप होय. ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा मोडलेला दांडा वेळेवर न पोचविणाऱ्या वाहतूकदारावर तो दावा होता. करारभंगापासून स्वाभाविक क्रमाने उद्भवणारी, अथवा करार करतानाच उभय पक्षांस ठाऊक असलेली हानी तेवढी मिळावी; दूरची व अप्रत्यक्ष हानी मिळू नये, हे त्यातील सूत्र. कायद्यातील उदाहरणे या सूत्रास देशी पोशाख चढवितात. पन्नास मण सोरा ठरल्या वेळी दिला नाही, तर देण्याच्या वेळी तसाच सोरा ज्या भावाने मिळाला असता तो भाव आणि कराराचा भाव यांतील फरक खरेदीदारास मिळतो. हजार टन लोखंड कोणास पुरवावयाचे आहे हे विक्रेत्यास आधी सांगितले असेल, तर पुढच्या सौद्यातील बुडालेला नफाही मिळतो. सांगितले नसेल तर मिळत नाही. टोप्यांसाठी घेतलेले कापड हंगाम टळल्यावर आले, तर कराराचा भाव आणि माल हाती येण्याच्या वेळचा भाव यांतील फरक तेवढा मिळतो, टोप्यांवरील अपेक्षित नफा नाही. शिवाय हानी टाळण्याची जी साधने खरेदीदाराजवळ होती, त्यांचाही विचार भरपाई ठरविताना करावा, असे त्या कलमाचे स्पष्टीकरण बजावते.

ही मांडणी स्मृतींच्या मांडणीशेजारी ठेवली असता साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. टोप्यांच्या कापडाच्या उदाहरणातील भावाची घट ही नारदाने सांगितलेल्या भावाच्या घटीहून तत्त्वतः वेगळी नाही. ज्याच्या दोषाने माल देण्यास विलंब झाला त्याच्यावरच मालाच्या हानीचा भार पडतो, हा १९३० च्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमातील नियम नारद आणि याज्ञवल्क्य यांच्या नियमाशी जुळतो. हे साम्य उसनवारीचे नव्हे. समान अडचणीतून समान उत्तरे निघाल्याचे आहे. भेद मात्र मूलगामी आहेत. किंमत दिली असली पाहिजे ही जुनी अट गेली. नुसत्या वचनाचा भंगही दाव्यास पुरेसा झाला. मुदतीच्या सौद्यांवर चालणाऱ्या बाजारास हे आवश्यकच होते. त्याबरोबर दुप्पट किमतीचा दंडात्मक अंशही गेला. विक्रेत्याने माल मुद्दाम अडविला की नाइलाजाने, याला भरपाईच्या हिशेबात महत्त्व उरले नाही. आणि माल मिळविण्याचा हक्क, जो स्मृतींत पहिला होता, तो शेवटच्या स्थानी गेला.

या शेवटच्या बदलाचे कारण बाजाराच्या कल्पनेत आहे. सोऱ्यासारखा माल कोठेही मिळतो. खरेदीदाराने तो दुसरीकडून घ्यावा आणि जादा पडलेले पैसे पहिल्या विक्रेत्याकडून वसूल करावेत, असे इंग्रजी विधीने मानले. म्हणून १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने जंगम मालाच्या कराराचा भंग पैशाने भरून येतो असे गृहीत धरले, आणि दिवंगत चित्रकाराचे चित्र अथवा दुर्मिळ चिनी फुलदाण्या यांसारख्या वस्तूंपुरताच वस्तू मागण्याचा हक्क मोकळा ठेविला. १९३० च्या कायद्याच्या अठ्ठावन्नाव्या कलमाने निश्चित केलेल्या मालाबाबत तो हक्क मान्य केला, तोही न्यायालयाच्या विवेकाधीन.

(४) कानपूरचा भाव की कलकत्त्याचा?

बाजारभाव हेच माप ठरल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या गावचा भाव? दिवसासंबंधीचे उत्तर जमाल विरुद्ध मुल्ला दाऊद या ब्रह्मदेशातून गेलेल्या शेअरांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने दिले. तेथे करार मोडला होता तो खरेदीदाराने. परंतु करारभंगाच्या दिवशीचा भाव प्रमाण, त्यानंतरच्या चढउताराचा लाभ अगर तोटा हिशेबात धरावयाचा नाही, हे तत्त्व दोन्ही पक्षांस सारखेच लागू पडते. गावासंबंधीचे उत्तर मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे.

सौदा १९४७ सालचा. वाराला एक रुपया या भावाने कॅनव्हास विकण्याचे ठरले होते. माल कानपूरला रेल्वेत भरून कलकत्त्याची रेल्वे पावती ५ ऑगस्टपर्यंत खरेदीदारास द्यावयाची होती. कानपूरपासून पुढचे भाडे खरेदीदाराचे. परंतु कानपूरहून कलकत्त्याची नोंदणी बंद असल्याचे सांगून विक्रेत्याने माल दिला नाही आणि करार रद्द केला. खरेदीदाराने कलकत्त्याच्या भावावर आधारून भरपाई मागितली. पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने कलकत्त्याचा भाव ग्राह्य धरून तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. माल देण्याचे ठिकाण कानपूर होते. म्हणून कानपूरचा त्या सुमाराचा भाव सिद्ध करणे खरेदीदाराचे काम होते, आणि ते त्याने केले नव्हते. माल कलकत्त्यास जावयाचा होता एवढ्यावरून तो तेथेच विकला जाणार असल्याचे विशेष ज्ञान विक्रेत्यास होते, असे म्हणता येत नाही. कारण खरेदी केलेला माल कोठे ना कोठे न्यावाच लागतो. परिणामी करारभंग होऊनही खरेदीदारास नुकसानभरपाई मिळाली नाही.

त्र्याहत्तराव्या कलमाच्या चौकटीत या निर्णयात दोष काढता येणे कठीण आहे. खरेदीदारास करारभंगापूर्वीच्या स्थितीत, पैशाने शक्य होईल तितके, आणून ठेवणे हे एक तत्त्व, आणि हानी कमी करण्याचा वाजवी प्रयत्न खरेदीदाराने केला पाहिजे हे दुसरे. ही दोन्ही तत्त्वे न्यायालयाने तेथे नमूद केली, आणि त्यानंतरच्या निर्णयांतून ती वारंवार उद्धृत झाली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास येथे दिग्लाभाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. माल दूरच्या पेठेस नेणारा व्यापारी हा नारदाच्या दृष्टीने स्थानिक खरेदीदाराहून वेगळा वर्ग होता, आणि त्याच्या हानीचे माप त्या दूरच्या पेठेतच शोधावयाचे होते. आधुनिक विधी असा वर्ग मानीत नाही; तो फक्त विक्रेत्यास काय ठाऊक होते, एवढेच विचारतो. पहिली पद्धत खरेदीदाराच्या धंद्याकडे पाहते, दुसरी विक्रेत्याच्या ज्ञानाकडे. अर्थात तुलना येथे सावधपणे केली पाहिजे. दिग्लाभाचा हक्क पूर्ण किंमत दिलेल्या खरेदीदारासच होता, आणि आधुनिक सौद्यात तशी किंमत बहुधा आधी दिलेली नसते. ज्याने पैसे अडकवून ठेवले त्याचा दूरचा लाभ भरून द्यावा आणि ज्याने नुसता शब्द घेतला त्याला जवळच्या पेठेचा फरक द्यावा, असा विवेक दोन्ही पद्धती एकत्र वाचल्याने सुचतो. त्यांपैकी कोणतीही एक पद्धत तो पूर्णपणे करीत नाही.

(५) नंतरचे बदल

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या चित्रात दोन दिशांनी पालट झाला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या व २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या कायद्याने, स्वतःच्या उपयोगासाठी माल घेणाऱ्यास दिवाणी न्यायालयाबाहेरचा मार्ग मिळाला. या कायद्याखाली आयोगास योग्य वाटल्यास दंडात्मक भरपाईही देता येते. नारदाच्या दुप्पट किमतीचा अंश, वेगळ्या रूपाने आणि मर्यादित क्षेत्रात, असा परत आला असे म्हटल्यास ते अगदीच अतिशयोक्त ठरणार नाही. व्यापारी हेतूने माल घेणारा मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

दुसरा पालट विनिर्दिष्ट पालनासंबंधीचा. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने १८७७ ची भूमिका जवळजवळ तशीच ठेविली होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बदलली. कायद्यात सांगितलेले अपवाद सोडल्यास कराराचे विनिर्दिष्ट पालन करविणे हा आता न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. त्याचप्रमाणे किमान तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करार दुसऱ्याकडून पुरा करून घेण्याचा आणि त्याचा खर्च मोडणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क संहितेत आला. दुसरीकडून माल घेऊन फरक मागणाऱ्या खरेदीदाराचा हा उपाय व्यवहारात पूर्वीपासून होताच. आता त्याला नाव आणि रीत मिळाली. मालविक्री कायद्याच्या अठ्ठावन्नाव्या कलमातील ‘न्यायालयास योग्य वाटल्यास’ या आशयाचे शब्द मात्र जागच्या जागी आहेत, आणि सर्वसाधारण कायद्यातील सक्ती व विशेष कायद्यातील विवेकाधिकार यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न त्यामुळे उद्भवतो.

एकंदरीत पाहता, या विषयाचा इतिहास म्हणजे जुन्याकडून नव्याकडे झालेली सरळ प्रगती नव्हे. स्मृतिकारांनी खरेदीदारास माल दिला, पण तो किंमत दिलेल्या खरेदीदारासच. संहिताकारांनी प्रत्येक वचनास संरक्षण दिले, पण मालाऐवजी पैसा आणि दंडाऐवजी फरक देऊन. पहिल्या पद्धतीत बाजारास लागणारी गती नव्हती, दुसरीत पुराव्याच्या एका त्रुटीने सारा हक्क हातचा जाण्याचा धोका आहे. कानपूरचा भाव सिद्ध न करू शकलेल्या खरेदीदाराचा दावा हे त्या धोक्याचे उदाहरण होय. मालविक्रीविषयक विधीच्या पुढील सुधारणेचा विचार करणाऱ्यांनी विक्रीयासंप्रदानाच्या प्रकरणाकडे केवळ पुरातन वस्तू म्हणून न पाहता, खरेदीदाराची हानी कोणत्या दृष्टीने मोजावी यासंबंधीचा एक स्वतंत्र विचार म्हणून पाहिल्यास, ते श्रम व्यर्थ जाणार नाहीत.